सोलापुरात बसून कथाही आणि पटकथाही: रोजच्या कामाची मांडणी

प्रश्न असा आहे: विचारणाऱ्यांची सोलापुरात दहा ते सहा नोकरी आहे. दिवाळी अंकांत त्यांच्या काही कथा छापून आल्या आहेत. त्यांतल्याच एका कथेची, यंत्रमाग कारखान्यातल्या बापलेकाची, पटकथा करायची आहे आणि कथालेखनही सोडायचं नाही. दोन्ही लिहिणाऱ्याचा रोजचा दिवस कसा असतो, आणि यासाठी मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवावं लागतं का?

बिऱ्हाडाची घाई करू नका. लिहायला मुंबई लागत नाही, ऐकवायला लागते. आणि ऐकवण्याजोगं काही हातात येईपर्यंत नोकरदार माणसाचे सहा-आठ महिने सहज जातात. दैनंदिन मालिकेचा मामला मात्र वेगळा आहे. तिथे अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसं लिहितात, आणि संवादलेखकाला जवळजवळ रोज एक भाग हातावेगळा करावा लागतो. दुपारी फोन येतो की नायिका आजारी आहे, उद्याचे तिचे सीन सासूवर टाका. दहा ते सहा नोकरीत हे बसत नाही, राहायला अंधेरीत असलात तरी बसत नाही. तेव्हा चित्रपट, लघुपट आणि कथा एवढंच धरून पुढचं लिहितो.

कथा आणि पटकथा एकाच मोसमात लिहिता येतात, एकाच बैठकीत लिहिता येत नाहीत. कथा लिहिताना डोक्यात सतत चालू असतं: हे कोण सांगतंय, आणि त्याला किती ठाऊक आहे? पटकथेत विचारायचं ते असं: आत्ता काय दिसतंय, काय ऐकू येतंय, कुठे, किती वाजता? एका तासात एकातून दुसऱ्यात उडी मारली की पटकथेत ‘त्याला बापाची आठवण येते’ असली वाक्यं शिरतात, जी कॅमेऱ्याला घेता येत नाहीत. कथेत उलटा बिघाड होतो. माणसं दार उघडतात, खुर्ची ओढतात, चहा पितात, आणि त्यांच्या मनात काय चाललंय याचा पत्ताच नसतो. दोन्ही कामांत निदान एक झोप असू द्या, म्हणजे एक सकाळी आणि दुसरं रात्री, किंवा सरळ आठवड्याआड.

सकाळ कोणाला द्यायची? ज्याचा पहिला खर्डा चालू आहे त्याला. दुरुस्ती, वनलाइनची (सीनवार नोंदींची) फेरमांडणी, सीनचे क्रमांक, टायपिंग ही कामं ऑफिसातून दमून आलेल्या डोक्यालाही जमतात. नवं पान त्या डोक्याला जमत नाही. सोलापुरात याला हवामानाचं कारणही आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहालाही भिंती गरम असतात. त्या दोन महिन्यांत रात्रीच्या बैठकीवर भरवसा ठेवून वेळापत्रक आखलं तर ते आठवड्यात मोडतं. पाच ते सात ही वेळ धरा. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळ लिहिण्याची नाही, हे आधीच मान्य करून टाका. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवता येतो. त्या दिवशी फक्त आदल्या मजकुराचं वाचन करायचं. ही बाब क्षुल्लक वाटते, पण मोडलेल्या वेळापत्रकाची अपराधी भावना पुढचे चार दिवस खाते, म्हणून लिहिली.

दिवसाचं माप लहान ठेवा. कथेचे चारशे ते सहाशे शब्द, किंवा पटकथेचे दोन सीन. यापेक्षा जास्त जमलं तर उत्तम, पण ठरवताना एवढंच ठरवा. उठताना मात्र एक गोष्ट चुकवू नका: उद्या काय लिहायचं त्याची एक ओळ, तीही कृतीच्या भाषेत. ‘उद्या: बापलेकाचा सीन’ ही ओळ निरुपयोगी आहे, कारण तिच्यात काय घडतं ते ठरलेलंच नाही. ‘उद्या: सावकाराचा माणूस दारातच उभा राहतो, त्याला कोणी आत या म्हणत नाही, तो स्वतःहून चपला काढतो’ ही ओळ असली की सकाळी पाचला लेखणी लगेच चालते. पहाटे सुचण्याची वाट पाहणाऱ्यांच्या बहुतेक पहाटा चहातच जातात.

आता कथेतून पटकथेकडे. सर्वांत आधी मोजणी करा. छापलेली कथा समोर घ्या आणि तिच्यात बाहेरून दिसणाऱ्या घटना किती आहेत ते समासात क्रमांक टाकून मोजा. आठवण, विचार, निवेदकाचं भाष्य, ‘त्या काळी असं असायचं’ हे मोजायचं नाही. चार हजार शब्दांच्या बऱ्याच चांगल्या मराठी कथांत अशा घटना दहा-पंधराच निघतात. दोन तासांच्या चित्रपटाला साठ ते ऐंशी सीन लागतात. म्हणजे तुमच्या कथेत पंधरा-वीस मिनिटांचा लघुपट आहे. पूर्ण चित्रपट हवा असेल तर दुसरं एक सूत्र नव्याने रचावं लागेल. इथेच बहुतेकांची फसगत होते. ते सूत्र रचण्याऐवजी आहेत ते पंधरा सीन ताणतात. माणसं रस्त्याने चालत राहतात, सिद्धेश्वर तलावाकाठी बसून पाण्याकडे बघत राहतात. मध्यंतरापर्यंत प्रेक्षक मोबाइल काढतो. लघुपट आधी करा, असा माझा स्पष्ट कल आहे. खर्च कमी, आणि आपलं लिहिलेलं पडद्यावर किती वेळ घेतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढची पटकथा निम्म्या चुकांनी सुरू होते.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी एका ओळीत गोष्ट: कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय. मग दोन पानांचा सारांश, शेवटासकट. शेवट झाकून ठेवलेला सारांश कोणालाच उपयोगी पडत नाही, तुम्हालाही नाही. मग वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीनची दोन-तीन ओळींत नोंद: जागा, वेळ, कोण, काय बदललं. यातलं ‘काय बदललं’ रिकामं राहत असेल तर तो सीन कापा किंवा शेजारच्यात मिसळा. वनलाइन पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर केली तर क्रम बदलणं सोपं जातं. लोक कार्डं जमिनीवर मांडायला सांगतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा बंद करणं अशक्य, तेव्हा भिंतीवर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. दोन तासांच्या चित्रपटात मध्यंतराचं कार्ड वेगळ्या रंगाचं ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कार्डं मोजा. डावीकडे पंचेचाळीस आणि उजवीकडे वीस असतील तर उत्तरार्धात गोष्ट संपलेली आहे, तुम्ही नुसतं आवरतं घेताय. वनलाइनला एकूण वेळेच्या निम्मा वेळ गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. त्यानंतर पटकथा, आणि संवाद सगळ्यात शेवटी. कथालेखकाला संवाद आधी लिहायचा मोह होतो, कारण तेवढंच त्याला ओळखीचं वाटतं. सुरेख जमलेला संवाद मग कापवत नाही, आणि अख्खा सीन त्याच्यासाठी जिवंत ठेवला जातो.

मनातलं बाहेर कसं आणायचं हा खरा प्रश्न, म्हणून एक नमुना. समजा कथेत असं वाक्य आहे: ‘नरसय्याला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, पोरगा आता या मागाला हात लावणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपणच तो लावू देऊ नये.’ याचा सर्वांत आळशी उपाय म्हणजे बापाच्या आवाजात हेच वाक्य निवेदन म्हणून ऐकवणं. दुसरा आळशी उपाय म्हणजे शेजारचा कामगार विचारतो, ‘काय नरसय्या, पोराचं काय ठरलं?’ आणि नरसय्या त्याला सगळं सांगतो. त्याऐवजी असं लिहून बघा:

सीन १४. यंत्रमाग कारखाना. आत. रात्र.
माग चालू आहेत. कानठळ्या. अचानक वीज जाते. एकेक माग थांबतो. काळोख आणि शांतता.
नरसय्या चाचपडत तुटलेला दोरा शोधतो. व्यंकटेश मोबाइलचा टॉर्च धरतो. उजेड बापाच्या बोटांवर.
व्यंकटेशचा फोन वाजतो. तो फोन कानाला लावतो. उजेड भिंतीवर जातो.
नरसय्या क्षणभर थांबतो. काही बोलत नाही. अंधारातच गाठ मारतो.
व्यंकटेश: (फोनवर, हळू) हो सर. सोमवारी येतो. राहायची सोय...
वीज येते. शेजारचे माग सुरू होतात. व्यंकटेश बोलतोय, ऐकू येत नाही.
नरसय्या आपला माग सुरू करत नाही.

यात मनातलं एकही वाक्य नाही आणि शेवटच्या ओळीत निर्णय आहे. त्यामागचं तांत्रिक कारण बघा: चालू यंत्रमागाच्या शेडमध्ये संवाद होऊच शकत नाही. माणसं तिथे कानाशी ओरडतात किंवा हातवारे करतात, आणि चित्रीकरणाच्या जागी आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हटलं तर शब्दही हाती लागत नाही. तरीही पटकथांत बापलेक धोट्याच्या खटखटाटात दोन-दोन पानं निवांत बोलत असतात. दिग्दर्शक ते वाचतो आणि त्याला कळतं की लेखक आत कधी उभा राहिलेला नाही. संवाद हवा असेल तर वीज घालवा, दोऱ्याची कांडी बदलायला माग थांबवा, किंवा माणसं बाहेर चहाच्या टपरीवर आणा. विडी वळणाऱ्या बायकांचं बरोबर उलट. तिथे आवाज नसतो, हात सतत गुंतलेले असतात, नजर मांडीवरच्या सुपात, आणि तोंड मोकळं. जे एरवी डोळ्याला डोळा देऊन बोलवत नाही ते तिथे सहज बोललं जातं. एकाच गावातले हे दोन धंदे, एकात गप्प बसावं लागतं आणि दुसऱ्यात बोलावंसं वाटतं. सीन कुठे घडवायचा याचा निर्णय अशा गोष्टींवर करायचा असतो. देखणी जागा कोणती, हा विचार त्यानंतरचा.

म्हणून वही ठेवा, पण सुविचारांची नको. तिच्यात टिपायचं ते असं: कोणत्या कामात हात कसे चालतात, काय हातात असताना माणूस उत्तर द्यायला उशीर करतो, कोण कोणाला कोणत्या भाषेत हाक मारतं. अशोक चौकाकडच्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) घरात तेलुगू, बाहेर मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू असा दिवस सरसकट दिसतो. पात्राला बापाला घरात ‘नान्ना’ (तेलुगूत बाबा) आणि कारखान्यात ‘मालक’ म्हणायला लावलंत तर त्याची अर्धी ओळख तिथेच होते. घरातले तेलुगू किंवा कन्नड संवाद देवनागरीत लिहा, खाली मराठी अर्थ द्या, आणि ती भाषा घरात बोलणाऱ्याकडून ते तपासून घ्या. ऐकीव तेलुगू पहिल्याच वाचनात उघडी पडते.

बोलीचं प्रमाणही सांभाळावं लागतं. सोलापुरी सुराचा ठसा मुख्यतः क्रियापदात आहे: ‘काय करायलास बे?’, ‘जायलोय की’. तेवढं नेमकं धरलं आणि हाकेचे दोन-चार शब्द ठेवले की पुरतं. प्रत्येक शब्दाचा उच्चार लेखनात उतरवायला गेलात तर पुण्या-मुंबईचा नट अडखळतो, आणि सेटवर तो कंटाळून सगळंच प्रमाण मराठीत बोलून टाकतो. शिवाय सगळी पात्रं सारखंच सोलापुरी बोलत नाहीत. कॉलेजात शिकवणारी मुलगी विद्यार्थ्यांसमोर एक बोलते, आईशी दुसरं बोलते. हा बदल कोणत्या क्षणी होतो, तिथे अनेकदा सीनचा गाभा असतो. एक चाचणी करा: पात्रांची नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल तर सगळे तुमच्याच आवाजात बोलताहेत.

टायपिंगचं थोडं, कारण इथे विनाकारण वेळ जातो. इंग्रजी पटकथेत कुरियर फाँटात बारा पॉइंटला एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. देवनागरीला तो लागू पडत नाही. मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींतलं अंतर वाढतं, फाँट बदलला की पानांची संख्या बदलते. आपलं माप आपणच काढा: कृतीचा एक, संवादाचा एक आणि मिश्र एक असे तीन सीन घ्या, घड्याळ लावून उभं राहून करून बघा, आणि आलेल्या मिनिटांना पानांनी भागा. मग फाँट, आकार आणि समास शेवटपर्यंत बदलू नका. टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात केलेली फाइल समोरच्याच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांत दिसते, आणि हल्ली पटकथा मोबाइलवरच उघडली जाते. म्हणून पाठवताना नेहमी पीडीएफ. फाउंटन ही साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची पद्धत फुकट आहे आणि मराठीत चालते, फक्त एक मेख आहे. ती सीनचं शीर्षक INT., EXT. अशा इंग्रजी लघुरूपांवरून आणि पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखते. आपल्या लिपीत कॅपिटल नाही. तेव्हा सीनच्या शीर्षकाआधी टिंब आणि पात्राच्या नावाआधी @ हे चिन्ह द्या, म्हणजे मांडणी बरोबर येते. बोलून टाइप करण्याची सोय कथेच्या खर्ड्याला बरी. संवादांना मुळीच वापरू नका. ती ‘करायलास’ला गुपचूप प्रमाण भाषेकडे ओढते आणि दोनशे ओळींनंतर ते शोधत बसावं लागतं. फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द नको, तारीख आणि खर्ड्याचा क्रमांक टाका. ‘फायनल-२-नवीन’ वाचून दिग्दर्शकाने जुनाच खर्डा चित्रित करायला घेणं ही काल्पनिक भीती नाही.

खर्चाचं भान लेखकाने ठेवायचं की नाही यावर वाद आहे. पहिल्या पटकथेत ठेवावं, या बाजूचा मी आहे. रात्रीचा बाहेरचा सीन महाग, कारण अख्खा रस्ता उजळावा लागतो. रात्रीचा आतला सीन दिवसा खिडक्या झाकून करता येतो, वरचा नमुना त्यातलाच. नवी जागा म्हणजे सामान उतरवणं, चढवणं आणि निम्मी पाळी. साठ सीनना पस्तीस जागा असतील तर त्या अठरा-वीसवर आणा. बहुतेक वेळा गोष्ट त्याने घट्टच होते. गर्दी हा सोलापूरच्या लेखकाचा खास मोह. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, अक्षता सोहळ्याला उसळलेला जनसमुदाय. ते डोळ्यांसमोर आलं की लेखक सरळ लिहून मोकळा होतो, ‘मिरवणुकीत नायक तिला गाठतो आणि सगळं सांगून टाकतो’. ती गर्दी उभी करायला पैसा नसतो, आणि खऱ्या यात्रेत दोन नटांकडून चार पानांचे संवाद करून घेता येत नाहीत. एक टेक चुकला तर पुढची संधी पुढच्या वर्षी. सीन फोडा. मिरवणुकीतले तुकडे बिनसंवादाचे लिहा, छोट्या कॅमेऱ्याने प्रत्यक्ष यात्रेत टिपता येतील असे. बोलणं गच्चीवर आणा आणि काठ्यांची मिरवणूक खालून फक्त ऐकू येऊ द्या.

जुन्या काळावर लिहिणार असाल तर संध्याकाळचा एक वार वाचनालयाला द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा गावात असताना सगळा काळ मोबाइलवर धुंडाळण्यात अर्थ नाही. तारखा शेजारी-शेजारी लावून बघा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. संक्रांत तेव्हा दोन दिवसांवर होती. त्या आठवड्यात एखाद्या घरात तिळगूळ झाला असेल का, कोणी करायचा नाही म्हणालं असेल का, एवढ्यातून सीन सुरू होतो, आणि ऐतिहासिक पुरुषांच्या तोंडी भाषणं घालण्याची वेळच येत नाही.

पहिला खर्डा झाला की दोन-तीन आठवडे तो बंद ठेवा. हा काळ कथेला द्या. एरवीही वर्षाची विभागणी अशीच बसते: दिवाळी अंकांच्या संपादकांना मजकूर पावसाळ्यातच हवा असतो, त्यामुळे मार्च ते जुलै कथा आणि दिवाळीनंतर पटकथा हा क्रम सोयीचा पडतो. दुसऱ्या खर्ड्याआधी चार-पाच जणांना बसवून अख्खी पटकथा मोठ्याने वाचून घ्या. गावात राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी कलाकार आहेत, त्यांच्यासारखे वाचक मुंबईत पैसे देऊनही सहज मिळत नाहीत. तुम्ही स्वतः वाचू नका. तुम्ही वाचलंत की लिहायचं राहून गेलेलं सगळं तुमच्या आवाजातून येतं. कोपऱ्यात बसा आणि श्रोते कुठे हलतात, कुठे पाणी प्यायला उठतात ते पानावर टिपा. नंतर मतं विचारली तर सगळे शेवटाबद्दल बोलतात. बिघाड बहुधा त्याच्या पंधरा सीन आधी असतो, जिथे ते उठले होते.

यानंतर मुंबई. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी पोहोचवते, त्यामुळे नॅरेशनसाठी एक रजा पुरते. नॅरेशन म्हणजे पटकथा वाचून दाखवणं नव्हे. वीस मिनिटांत, चाळीस मिनिटांत आणि दीड तासात अशी तीन मापांत गोष्ट तोंडी सांगता आली पाहिजे, कारण दीड तास कबूल केलेला माणूस ऐनवेळी ‘वीस मिनिटं आहेत’ म्हणतो. बैठकीनंतर त्याच दिवशी ईमेल करा: आज अमुक नावाची पटकथा ऐकवली, सोबत सारांश जोडला आहे. विनम्र, चार ओळींचं, तारखेसकट.

ते ईमेल कशासाठी, तर नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं. म्हणजे ‘यंत्रमागवाल्या बापलेकाची गोष्ट’ एवढं कोणीही उचलू शकतो. तुमची पात्रं, सीनचा क्रम, संवाद नाही. म्हणून सविस्तर लिहून झाल्याशिवाय ऐकवू नका, आणि ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन पटकथेची ऑनलाइन नोंदणी करा. कॉपीराइट लिहिल्याक्षणी आपोआप मिळतो. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, एवढ्या पुराव्यासाठी नोंदणी.

करारात तीन-चार जागी बोट ठेवून वाचा. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असल्याशिवाय होत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. निर्माते त्यामुळेच ‘कायमस्वरूपी, विश्वभर’ असं आवर्जून लिहितात. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. आणि वेगळं बहुधा लिहिलेलं असतं, तेव्हा ‘तीन वर्षांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क लेखकाकडे परत’ असं स्वतःचं कलम मागा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारानेही सोडून देता येत नाही. तसं लिहून घेतलेलं कलम निरर्थक ठरतं. मोबदला टप्प्यांत घ्या: सहीला, पहिल्या खर्ड्याला, अंतिम खर्ड्याला, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी. किती खर्डे त्या रकमेत, हेही लिहा, नाहीतर सातवा खर्डा फुकट लिहून द्यावा लागतो. श्रेयनामावलीत ‘कथा’, ‘पटकथा’ आणि ‘संवाद’ या तीन वेगळ्या ओळी आहेत. तिन्ही तुमच्या असतील तर तिन्हींचा उल्लेख मागा.

तुमची कथा आधी दिवाळी अंकात छापलेली आहे, म्हणून आणखी एक. अंकाला काही लिहून दिलं होतं का ते जुन्या पत्रांत बघून घ्या. नसेल तर चित्रपटाचे हक्क तुमच्याकडेच आहेत. आणि निर्मात्याला ते देताना मूळ कथा संग्रहात छापण्याचा, तिचा अनुवाद करू देण्याचा हक्क तुमच्याकडेच राहील, ही ओळ सहीआधी घालून घ्या. पटकथेचा सौदा करताना कथाच हातची गेल्याचं कळतं ते थेट संग्रहाची मुद्रितं तपासताना.